पिरॅमिडचे कोडे आणि दोन उत्तरे

प्राचीन इजिप्तचा पाठ संपत आला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो : "एवढे मोठे दगड त्यांनी वर नेले तरी कसे?" पाठ्यपुस्तकात याला फार तर दोन ओळी मिळतात. मग विद्यार्थी बाहेर उत्तर शोधू लागतात आणि बाहेर उत्तरांची वाण नाही. त्यांपैकी दोन उत्तरांचे परीक्षण येथे करायचे आहे. पहिले उत्तर स्विस लेखक एरिक फॉन डॅनिकेन यांचे. त्यांचे मूळ जर्मन पुस्तक १९६८ साली निघाले आणि 'चॅरियट्स ऑफ द गॉड्स' या इंग्रजी नावाने ते जगभर पोचले. मराठीतही या कल्पनांवरची पुस्तके आवडीने वाचली गेली. दुसरे उत्तर फ्रेंच वास्तुविशारद झाँ-पिएर उदँ यांचे. त्यांचे पुस्तक २००६ साली आले आणि पाठोपाठ २००७ साली त्यांच्या कल्पनेचे संगणकावर तयार केलेले त्रिमिती चलच्चित्रही आले.

पहिले उत्तर सांगते की हे काम त्या काळच्या माणसांच्या आवाक्यातले नव्हते; परग्रहावरून आलेल्यांचा यात हात असला पाहिजे. दुसरे सांगते की काम माणसांनीच केले, पण त्यासाठी वापरलेली चढण पिरॅमिडच्या पोटातच दडलेली आहे. दोन्ही उत्तरे चमकदार आहेत आणि दोन्ही आजवर सिद्ध झालेली नाहीत. म्हणून दोघांना एकाच तागडीत टाकावे असे एखाद्याला वाटेल. तसे करणे चूक आहे, आणि ते का चूक आहे हे विज्ञान शिकवणाऱ्याला नेमके सांगता आले पाहिजे.

आधी वस्तुस्थिती

गिझाचा सर्वांत मोठा पिरॅमिड चौथ्या राजवंशातील खुफू या राजाचा. काळ साधारण इ. स. पूर्व २६००च्या आसपासचा. पायाची प्रत्येक बाजू सुमारे २३०.३ मीटर आणि मूळची उंची १४६.६ मीटर. माथ्याचे दगड आणि बाहेरचे गुळगुळीत आवरण गेल्याने आजची उंची १३८ मीटरच्या आसपास आहे. दगडांची संख्या कोणी मोजलेली नाही. आकारमानावरून ती सुमारे २३ लाख धरतात आणि एका दगडाचे सरासरी वजन अडीच टन. बहुतेक दगड तिथल्याच पठारावरच्या खाणींतली चुनखडी आहे. बाहेरच्या आवरणाची पांढरी चुनखडी नदीपलीकडच्या तुरा येथून आली आणि आतल्या दालनाचा ग्रेनाइट आठशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अस्वानहून नाईल नदीमार्गे आला.

आत काय आहे? उत्तरेकडच्या बाजूवर जमिनीपासून सुमारे १७ मीटर उंचीवर मूळ प्रवेशद्वार. तिथून एक अरुंद मार्ग २६ अंशांच्या उताराने खाली जातो आणि पायाखालच्या खडकात कोरलेल्या, अर्धवट सोडलेल्या दालनापाशी संपतो. वाटेत फुटलेला दुसरा मार्ग वर चढतो. त्यातून एक फाटा 'राणीचे दालन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खोलीकडे जातो, आणि सरळ वर गेले की एकाएकी साडेआठ मीटर उंचीची, सुमारे ४७ मीटर लांबीची 'ग्रँड गॅलरी' लागते. तिच्या भिंतींचे थर वरवर जाताना एकमेकांजवळ सरकत गेले आहेत. शेवटी राजाचे दालन : साडेदहा मीटर लांब, सव्वापाच मीटर रुंद, संपूर्ण ग्रेनाइटचे. त्याच्या छताला नऊ प्रचंड तुळया असून त्यांचे एकूण वजन सुमारे ४०० टन भरते. छताच्या वर एकावर एक अशा पाच बुटक्या पोकळ्या ठेवल्या आहेत आणि सर्वांत वर दोन बाजूंनी टेकवलेल्या दगडांचे उतरते छप्पर आहे. त्यामुळे वरचा भार कडांकडे वळतो. एवढी काळजी घेऊनही छताच्या ग्रेनाइट तुळयांना तडे गेलेले आहेत.

या तड्यांकडे विद्यार्थ्यांचे लक्ष जरूर वेधावे. पिरॅमिड 'निर्दोष' असल्याचे जे वर्णन नेहमी वाचायला मिळते, त्याला ते पहिला छेद देतात.

डॅनिकेन यांचे गणित

डॅनिकेन यांचे प्रश्न चांगले आहेत, हे आधी मान्य करू. दगडांची संख्या, लागणारा वेळ, लाकडाची टंचाई हे सारे विचारण्याजोगेच आहे. अडचण त्यांनी स्वतःच दिलेल्या उत्तरांची आहे.

त्यांचा पहिला हिशोब असा : दिवसाला दहा दगड रचले असे मानले, तरी पंचवीस लाख दगडांना अडीच लाख दिवस लागतील, म्हणजे साडेसहाशे वर्षांहून अधिक. भागाकार बरोबर आहे. पण 'दहा' हा आकडा आला कुठून? पुस्तकात त्याला काहीही आधार नाही. आपण उलटा हिशोब करून पाहू. २३ लाख दगड २० वर्षांत रचायचे तर रोज सुमारे ३१५ दगड लागतील. आता अडीच टनांचा दगड चाके नसलेल्या लाकडी गाडीवर, म्हणजे स्लेजवर, ओढायचा आहे. वजन सुमारे २४,५०० न्यूटन. ओल्या, घट्ट वाटेवर घर्षणगुणांक ०.३ धरला तर सपाटीवर सुमारे ७,३५० न्यूटन बल लागेल. एक माणूस सातत्याने ३०० न्यूटन बल लावतो असे मानले तर पंचवीस माणसे पुरतात. बारास एक अशा चढणीवर तीस-बत्तीस. खाण काहीशे मीटरवर असल्याने अशा एका टोळीने दिवसात दहा फेऱ्या करणे शक्य कोटीतले आहे. मग दिवसाला ३१५ दगडांसाठी किती टोळ्या हव्यात? बत्तीस. म्हणजे ओढणारे सुमारे हजार लोक. खाणीत दगड फोडणारे, वर रचणारे, भाकऱ्या भाजणारे, अवजारे परजणारे धरले की संख्या अनेक हजारांत जाईल, पण ती एखाद्या राज्याला पेलवणारी आहे. थोडक्यात, 'दिवसाला दहा' हा आकडा एका टोळीला शोभतो. डॅनिकेन यांनी तो सगळ्या राज्याच्या माथी मारला.

ओल्या वाटेची गोष्टही कल्पनेतली नाही. देर अल-बर्शा येथील जेहुतीहोतेप याच्या थडग्यात सुमारे इ. स. पूर्व १९०० मधले एक चित्र आहे. त्यात स्लेजवर ठेवलेला अवाढव्य पुतळा १७२ माणसे ओढत आहेत आणि पुतळ्याच्या पायाशी उभा असलेला एक जण स्लेजपुढे पाणी ओतत आहे. हा विधीच असावा असे अनेक दिवस मानले जाई. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मात्र वाळूत योग्य प्रमाणात पाणी असेल तर ओढण्याचे बल जवळजवळ निम्म्यावर येते असे दिसले. पाणी कमी पडले तर वाळू स्लेजपुढे ढिगाने साचते आणि जास्त झाले तर तिची घट्ट पकड जाते. हा प्रयोग शाळेत पसरट ट्रे, वाळू आणि ताणकाटा घेऊन सहज करता येतो.

दुसरा मुद्दा लाकडाचा. इजिप्तमध्ये लाकूड नाही, ते बाहेरून आणायचे तर जहाजांचा ताफा हवा, आणि हे सारे असंभव आहे असा डॅनिकेन यांचा सूर आहे. पण हा ताफा नोंदलेला आहे. 'पालेर्मो शिला' या प्राचीन राजनोंदीत खुफूचा बाप स्नेफेरू याच्या काळात देवदाराच्या लाकडाने भरलेली ४० जहाजे आणल्याचा उल्लेख आहे. शिवाय खुफूच्या पिरॅमिडच्या पायथ्याशी १९५४ साली सुटे भाग करून पुरलेली एक आख्खी नौका सापडली. ती देवदाराची, ४३ मीटरहून अधिक लांब आणि फळ्या दोरांनी शिवून बांधलेली आहे. लाकूड होते, दोर होते आणि ते वापरणारे कसबी सुतारही होते. पुस्तक निघाले तेव्हा हा शोध लागून चौदा वर्षे झाली होती.

तिसरा मुद्दा आकड्यांच्या जादूचा. पिरॅमिडची उंची एक अब्जाने गुणली की पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधले अंतर मिळते, असे डॅनिकेन सांगतात. गुणून पाहू : १४६.६ मीटर गुणिले एक अब्ज म्हणजे १४ कोटी ६६ लाख किलोमीटर. खरे सरासरी अंतर १४ कोटी ९६ लाख. तफावत ३० लाख किलोमीटरची, म्हणजे पृथ्वीसारखे दोनशेहून अधिक गोल ओळीने मांडता येतील एवढी. पृथ्वी सूर्याच्या जास्तीत जास्त जवळ असते तेव्हाही अंतर १४ कोटी ७१ लाखांच्या आसपास असते, म्हणजे त्या कसोटीवरही आकडा जुळत नाही. आणि अब्जानेच का गुणायचे? कोणत्याही लांबीला सोयीच्या दहाच्या घाताने गुणले की विश्वातले कुठले ना कुठले अंतर जवळपास सापडतेच.

पायाचे क्षेत्रफळ भागिले दुप्पट उंची बरोबर 'पाय' हा गुणोत्तरांक, असेही पुस्तक म्हणते. आठवीतल्या विद्यार्थ्यालाही यातली चूक दाखवता येईल : क्षेत्रफळाला लांबीने भागले की उत्तर लांबीच येते, नुसती संख्या येत नाही. म्हणायचे होते ते परिमितीबद्दल. पायाची परिमिती भागिले दुप्पट उंची हे गुणोत्तर खरोखरच ३.१४च्या जवळ आहे. आणि त्याचे कारण गूढ नसून गवंड्याच्या हिशोबातले आहे.

इजिप्तचा राजहात सात तळव्यांचा, म्हणजे २८ अंगुळांचा होता. (आपल्याकडचा जुना हात २४ अंगुळांचा.) भिंतीचा कल ते अंशांत मोजत नसत, एक हात वर गेल्यावर किती आत सरायचे हे अंगुळांत सांगत. या मापाला 'सेकेद' म्हणत आणि त्याची उदाहरणे त्यांच्या गणिताच्या पपायरसांत सोडवून दाखवलेली आहेत. खुफूच्या पिरॅमिडचा सेकेद २२ अंगुळे. उंची २८० हात, पाया ४४० हात. परिमिती १७६०, दुप्पट उंची ५६०. भागाकार बावीस सप्तमांश! कल ठरवताना २८ला २२ हे सोयीचे पूर्णांक निवडले, की 'पाय' आपोआप हजर होतो. पारख करायची तर खुफूचा मुलगा खाफ्रे याचा शेजारचा पिरॅमिड घ्यावा. त्याचा सेकेद २१ अंगुळे. तेच गुणोत्तर तिथे बरोबर ३ येते. बापाला परग्रहवासीयांनी दिलेले ज्ञान मुलाच्या पिढीत हरवले असे म्हणायचे, की गवंड्याने एक अंगुळ कमी घेतले असे म्हणायचे?

मात्र सर्वांत गंभीर दोष आकड्यांमधला नाही, वगळण्यामधला आहे. खुफूचा पिरॅमिड एकाएकी उभा राहिला असा समज हे पुस्तक करून देते. प्रत्यक्षात त्याच्या आधीची शिडी वाळवंटात उभी आहे. सक्कारा येथील जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड सुमारे ६२ मीटरांचा. मग मैदुम. मग दहशूर येथील स्नेफेरूचा 'वाकडा' पिरॅमिड : सुरुवात ५४ अंशांच्या तीव्र कलाने झाली, आत तडे जाऊ लागले, दालनाला आधार म्हणून देवदाराचे वासे ठोकावे लागले आणि अर्ध्यावर कल ४३ अंशांपर्यंत कमी करावा लागला. त्याच राजाचा पुढचा 'लाल' पिरॅमिड प्रथमपासूनच ४३ अंशांचा. त्यानंतर खुफूचा. चुकत, सुधारत, धास्तावत शिकलेल्या कारागिरांच्या दोन-तीन पिढ्या यात दिसतात. ताऱ्यांवरून आलेल्यांना असा सराव करावा लागला नसता.

उदँ यांची कल्पना

आता दुसरे उत्तर. उदँ यांनी ज्या अडचणीपासून सुरुवात केली ती खरी आहे. माथ्यापर्यंत जाणारी सरळ चढण बांधायची आणि तिचा उतार दहास एक ठेवायचा, तर ती जवळजवळ दीड किलोमीटर लांब होईल. ती वीस मीटर रुंद धरली तरी तिचे घनफळ वीस लाख घनमीटरांच्या घरात जाते. स्वतः पिरॅमिडचे घनफळ सुमारे २६ लाख! म्हणजे एक पिरॅमिड बांधण्यासाठी जवळपास दुसरा बांधायचा आणि मग तो मोडायचा. चढण पिरॅमिडला बाहेरून वेटोळे घालत नेली तर हा खर्च वाचतो, पण कोपरे आणि कडा झाकल्या जातात आणि बांधकाम सरळ चालले आहे की नाही हे सारखे पडताळून पाहणे अवघड होते.

उदँ यांचा तोडगा असा : खालच्या साधारण एक-तृतीयांश उंचीपर्यंत बाहेरची सरळ चढण वापरली. त्यानंतर पिरॅमिडच्या बाह्य पृष्ठाला लागून, पण आतल्या बाजूने, सुमारे सात टक्के उताराचा एक बोगदा कोपऱ्याकोपऱ्याला वळत माथ्यापर्यंत गेला. दगड वळवण्यासाठी कोपरे काम चालू असेतो उघडे ठेवले. बाहेरच्या चढणीचे दगड मोडून वरच्या भागात वापरले. राजाच्या दालनाच्या जड तुळया उचलण्यासाठी ग्रँड गॅलरीतून प्रतिभार सोडला.

यातले पहिले पाऊल का शहाणपणाचे आहे, हे शालेय गणिताने कळते. पिरॅमिडचा वरचा भाग हा मूळ आकृतीशी समरूप असा छोटा पिरॅमिड असतो. म्हणून एक-तृतीयांश उंचीच्या वर उरणारे घनफळ दोन-तृतीयांशाच्या घनाइतके, म्हणजे २७ पैकी ८ भाग. याचाच अर्थ सत्तर टक्के दगड खालच्या एक-तृतीयांशातच संपतात! निम्म्या उंचीपर्यंत ८७.५ टक्के. डोंगराएवढे वाटणारे काम मुख्यतः तळाशीच आहे. वरचा प्रश्न कठीण असला तरी तो थोड्याच दगडांचा प्रश्न आहे.

उदँ यांनी दोन खुणाही पुढे केल्या. १९८६-८७ साली एका फ्रेंच पथकाने पिरॅमिडवर गुरुत्वाकर्षणाचे अतिसूक्ष्म फरक मोजले होते. जिथे दगड विरळ तिथे गुरुत्व किंचित कमी भरते. त्या मोजणीवरून काढलेल्या एका चित्रात कमी घनतेचा चौकोनी वेटोळ्यासारखा आकार दिसला. दुसरी खूण ईशान्येच्या कडेवर, सुमारे ८० मीटर उंचीवर असलेल्या खाचेची. इजिप्ततज्ज्ञ बॉब ब्रायर तिथे चढून गेले तेव्हा खाचेमागे एक छोटी खोलीवजा पोकळी आढळली. उदँ यांच्या मते हा वळणाचा कोपरा.

येथे टीकाही करायला हवी. खाच आणि पोकळी हे बोगद्याशी जुळणारे पुरावे आहेत, बोगद्याचे पुरावे नव्हेत. दगड काढून नेणाऱ्यांनीही अशी खाच पडू शकते. घनतेच्या चित्राला एकापेक्षा अधिक अर्थ लागू शकतात. आणि सर्वांत सावध राहायचे ते त्या देखण्या चलच्चित्रापासून. संगणकाच्या पडद्यावर दगड गुळगुळीतपणे वळतात, दोर तुटत नाही, कोणाचा पाय घसरत नाही. असे चित्र 'हे घडू शकले असते' एवढेच सांगते. 'हे घडले' असे ते सांगू शकत नाही. पाहणाऱ्याच्या मनात मात्र दुसरेच वाक्य ठसते. डॅनिकेन यांच्या पुस्तकात हे काम प्रश्नचिन्ह करते : 'हा निव्वळ योगायोग असेल?' असे विचारून लेखक पुढच्या परिच्छेदात तो योगायोग नसल्याचे गृहीत धरतो. प्रश्नचिन्ह काय किंवा चलच्चित्र काय, दोन्ही पुराव्याच्या जागेवर बसतात आणि वाचकाच्या ते लक्षात येत नाही.

कल्पनेच्या बाजूने उपयोगी आणि विरुद्धही जाणारा एक पुरावा २०१८ साली उजेडात आला. हतनुब येथील अलाबास्टरच्या खाणीत खुफूच्या काळातली एक चढण सापडली. तिचा उतार वीस टक्के किंवा त्याहून अधिक, दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि खांब रोवण्यासाठी खड्डे. खांबांना दोर गुंडाळून, काही जण वरून आणि काही खालून ओढत असावेत. इतक्या तीव्र चढणीवर दगड नेता येत असतील तर दीड किलोमीटरची चढण निम्म्यावर येते आणि उदँ यांची मूळ अडचणच काहीशी सौम्य होते.

आकाशातून आलेली कसोटी

उदँ यांच्या कल्पनेला एक मोठा गुण आहे : बोगदा असेल तर तो मोजता आला पाहिजे. आणि पिरॅमिड न फोडता तो मोजण्याचे साधन निसर्गानेच दिले आहे.

अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळतात तेव्हा म्यूऑन नावाचे कण निर्माण होतात. समुद्रसपाटीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्यूऑन जातो. म्हणजे तुमच्या तळहातातून मिनिटाला शंभरएक. ते दगडातूनही पार जातात, पण दगड जितका जाड तितके कमी पोचतात. कौलारू घरात कुठे फट आहे हे जमिनीवरच्या कवडशावरून कळते, तसेच हे. पिरॅमिडच्या आत बसवलेल्या यंत्राला एखाद्या दिशेने अपेक्षेपेक्षा जास्त म्यूऑन मिळाले, तर त्या दिशेला पोकळी आहे. जमिनीखाली म्यूऑन मोजण्याच्या कामात आपल्याकडेही मोठी परंपरा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत वेगवेगळ्या खोलींवर ही मोजणी केली होती.

ही युक्ती पिरॅमिडसाठी प्रथम वापरली ती नोबेल पारितोषिक विजेते अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ लुइस अल्वारेझ यांनी, खाफ्रेच्या पिरॅमिडमध्ये. जेवढा भाग तपासला त्यात गुप्त दालन नाही, असा निष्कर्ष त्यांनी १९७० साली प्रसिद्ध केला. 'नाही' हेही उत्तर असते आणि ते छापायचे असते, याचा हा उत्तम नमुना.

खुफूच्या पिरॅमिडमध्ये 'स्कॅनपिरॅमिड्स' हा प्रकल्प २०१५ साली सुरू झाला. जपान आणि फ्रान्समधल्या तीन गटांनी तीन वेगळ्या प्रकारचे शोधक वापरले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी ग्रँड गॅलरीच्या वर किमान ३० मीटर लांबीची एक मोठी पोकळी असल्याचे जाहीर केले. तिन्ही शोधकांची साक्ष जुळली होती. उत्तरेच्या मूळ प्रवेशद्वारावरील तिरप्या दगडांमागेही एक मार्ग असल्याचे दिसले होते. मार्च २०२३ मध्ये दगडांच्या सांध्यातून बारीक कॅमेरा आत सरकवला तेव्हा नऊ मीटर लांब, सुमारे दोन मीटर रुंद, उतरत्या छपराचा एक रिकामा मार्ग प्रत्यक्ष दिसला. म्यूऑनांनी जे सांगितले ते डोळ्यांनी खरे केले.

उदँ यांचा वेटोळा बोगदा? तोवर जाहीर झालेल्या निष्कर्षांत असा सलग, कोपऱ्याकोपऱ्याला वळत चढणारा मार्ग दिसलेला नाही. ईशान्येच्या कडेवर वरच्या भागात एक लहान पोकळी असल्याचे संकेत मात्र मिळाले. माझ्या मते कल्पना आज अडचणीत आहे. पण ती अडचणीत येऊ शकली, हीच तिची प्रतिष्ठा. कोणत्या मोजणीने आपण खोटे ठरू हे तिने स्वतःच सांगून ठेवले होते.

डॅनिकेन यांच्या कल्पनेला अशी कोणती मोजणी अडचणीत आणू शकते? लाकूड सापडले, दोर सापडले, चुकलेले पिरॅमिड सापडले, तरी मूळ दावा जागचा हलत नाही. कारण परग्रहवासीयांनी दगड कसा उचलला, कोणते अवजार वापरले, मागे काय खूण राहावी, यातले काहीही तो सांगत नाही. जो दावा कुठलीच जोखीम घेत नाही, तो कधी हरत नाही. आणि म्हणूनच त्याच्या न हरण्याला किंमत नाही.

ज्यांनी काम केले ते लोक

या वादात आणखी एक गोष्ट पणाला लागलेली आहे. 'हे माणसांना जमणे शक्य नाही' असे म्हणताना आपण कोणाचे तरी श्रेय काढून घेत असतो. चाबकाखाली राबणारे गुलाम, हे सिनेमातून आलेले चित्रही त्यांच्यावर अन्यायच करते. १९९० साली पिरॅमिडच्या दक्षिणेस कामगारांची आणि मुकादमांची थडगी सापडू लागली. राजाच्या पिरॅमिडच्या सावलीत, पदव्यांसह पुरलेली माणसे. हाडांवर जड कामाच्या खुणा आहेत, तसेच मोडलेली हाडे नीट बसवून जुळवल्याच्याही. जवळच त्यांची वसाहत आणि भट्ट्याही निघाल्या. राजाच्या दालनावरच्या बंद पोकळ्यांत, जिथे कोणी पाहणार नव्हते अशा दगडांवर, टोळ्यांनी तांबड्या रंगात आपली नावे लिहिली आहेत. त्यांतल्या एका टोळीचे नाव 'खुफूचे मित्र'.

आणि २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे पिएर तॅले यांच्या पथकाला लेखी पुरावाच मिळाला : ज्ञात असलेले सर्वांत जुने लिखित पपायरस. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. खुफूच्या कारकिर्दीच्या अखेरीस तो आपली टोळी घेऊन तुराच्या खाणीतली चुनखडी नावेतून गिझाला पोचवत होता. दहा दिवसांत दोन-तीन फेऱ्या. आज दगड भरले, उद्या निघालो, अमुक ठिकाणी मुक्काम केला, अशा रुक्ष नोंदी. त्यात गूढ काही नाही. पण पिरॅमिड बांधला जात असताना, तिथे असलेल्या माणसाने लिहिलेले ते शब्द आहेत.

म्हणून हा पाठ शिकवताना दोन्ही उत्तरे वर्गात आणण्यास हरकत नसावी, डॅनिकेन यांचेही. विद्यार्थ्यांना भागाकार करू द्या, सेकेद काढू द्या, ओल्या वाळूवर ठोकळा ओढू द्या. मग प्रत्येक उत्तराला एकच प्रश्न विचारायला सांगा : काय सापडले तर तू चूक ठरशील? उदँ यांच्याकडे त्याचे उत्तर आहे. माथ्याजवळचे शेवटचे दगड नेमके कोणत्या वाटेने गेले, हे अजून ठरायचे आहे, हेही विद्यार्थ्यांना सांगावे. वर्गात बसलेल्यांपैकी एखाद्याला पुढे ते ठरवण्यात भाग घेता येईल. पण त्याला मेरेरच्या रोजनिशीसारख्या कोरड्या नोंदी वाचायची सवय मात्र आधी लागायला हवी.